लाल खडूची फुली

प्रिय बारक्या,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. पत्रात ती सोय नाही. तेव्हा गुपचूप शेवटपर्यंत वाच.

बाबांना झटका आल्याचं तुला कळवलं होतंच. उजवा हात आता जरासा उचलतात, पण तोंडाला कुलूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचा परत येऊ शकते, पण त्यांनी स्वतः झटायला हवं. हाय खाल्ली तर कठीण. आणि आपले बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. चित्रं दाखवली, रेडिओ लावला, शेजारच्या काकूंनी गल्लीतली सगळी भांडणं रंगवून सांगितली. ढिम्म! ज्या आवाजाने आपलं बालपण हैराण केलं, तो आता कधीच ऐकू येणार नाही या भीतीने मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडायचे.

बाई म्हणाल्या, आकड्यांपासून सुरुवात करून बघा. मग मला तुझा खण आठवला. त्यात तुझा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड सापडला आणि जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमही: बटण दाबलं की शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा. आकडा उजळणारी ती सात पट्ट्यांची डबी मात्र नव्हती. तशा डब्या तुझ्या घड्याळात होत्या, आणि घड्याळ तू गेल्यापासून मी पाहिलंच नव्हतं.

त्या घड्याळाचं मी काय नव्याने सांगणार? तू कित्येक दिवस खपून बनवलंस, ते रोज थोडं मागे पडायचं, आणि बाबांनी कारखान्यात माल तपासताना खराब मालावर मारायचे तशी त्यावर लाल खडूने फुली मारली. म्हणाले, "चूक." बस्स. चांगल्या मालावर ते कधीच खूण करत नसत, तो नुसता पुढे सरकवायचे. घरातही तोच कायदा. तू ताटावरून उठून गेलास तो गेलासच. खाण तशी माती, दोघंही हट्टी!

असो. मी डबी विकत आणली. दुकानदार म्हणाला, हिच्या सगळ्या पट्ट्यांचा सामाईक पाय धन बाजूला जोडा. जोडला. शिलाई मशीनवर जन्म काढलेली बाई वायरी जोडतेय म्हणून स्वतःवरच खूश होते. प्रोग्रॅम तुझाच, जुनाच. बाबांची उशी उंच केली, डबी समोर धरली. शून्याच्या जागी आडवी एक रेघ तेवढी पेटली. मला वाटलं, गरम होत असेल. बटण दाबलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, बघा बाबा, हा एक! समोर होता इंग्रजीतला ई.

बाबांनी डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ओठ थरथरले, कपाळावर ती ओळखीची आठी चढली, आणि घोगऱ्या आवाजात स्पष्ट म्हणाले, "चूक!"

अरे, त्या शब्दाने आपल्याला किती रडवलंय! पण मी त्यांच्या गळ्यात पडून हसतेय काय, रडतेय काय! पुन्हा बटण दाबलं, पुन्हा "चूक!" आठाला तर डबीत काळोख. "चूक!" माणूस नुसता रंगात आला होता.

भानगड मला दुसऱ्या दिवशी दुकानात विचारल्यावर कळली. कापड उलटं शिवल्यासारखं झालं होतं. तुझा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या डबीचा. हिच्यात जी पट्टी पेटवायची तिला शून्य द्यावं लागतं आणि विझवायची तिला एक. तुझ्या प्रोग्रॅमच्या रांगांमधले सगळे एक आणि शून्य मी बसून अदलाबदल केले. मग एक आला, दोन आला, थेट नऊपर्यंत. बाबांनी एकदाही "चूक" म्हटलं नाही. नुसता हात पुढे करून दाबत राहा असं सुचवलं. माझा माल पास झाला होता रे! तेव्हापासून रोज सराव करतो. चारपर्यंतचे आकडे म्हणतात, पाचाला अडतात आणि माझ्यावरच चिडतात.

पण हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही. काल सराव झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं कपाट दाखवलं. उघडलं तर त्यांच्या स्वेटरांखाली तुझं घड्याळ, फुलीसकट. मांडीवर ठेवायला लावलं. अंगठा ओला करून ती फुली पुसत बसले, कितीतरी वेळ. मी सुरू केलं, तर आकडे उजळले आणि संध्याकाळपर्यंत थोडे मागेही पडले. आता मला येतं, मी बघू का दुरुस्त करून, असं म्हणून हात घातला, तर माझा हात बाजूला सारला. दाराकडे बघत म्हणाले, "बारक्या."

घड्याळ तसंच त्यांच्या उशाशी ठेवलंय. कुणालाही हात लावू देत नाहीत. तू ये.

नळ बंद करून दाराकडे बघत बसलेली,
तुझीच
ताई