सिर्काच्या जागी

१७ ऑक्टोबर १९३९
सिर्काला, आमच्या घोडीला, सैन्यानं नेलं. चर्चच्या मैदानावर गावातल्या सगळ्या घोड्यांची रांग. डॉक्टरानं दात पाहिले, कारकुनानं नोंद केली, खुरावर तापल्या लोखंडानं नंबर डागला — ४१८. गेल्या आठवड्यात नवऱ्याला, आर्वीला, नेलं तेव्हा मी रडले नाही. आज रडले. आर्वी निदान पत्र तरी लिहील!

४ जानेवारी १९४०
सरपणाची घसरगाडी बर्फावरून मी आणि सासऱ्यांनी ओढली. त्यांचं वय एकाहत्तर. गावात ना धड पुरुष उरला, ना घोडा. शाळा बंद, मास्तरीणबाई टपाल वाटतात. दुकानदाराची बायको ट्रक चालवते आणि आता नवऱ्यासारख्याच शिव्या देते. कॉफीच्या नावाखाली राय नावाचं धान्य भाजून, उकळून पितो.

आर्वीचं पत्र आलं. सामान वाहणाऱ्या तुकडीत आहे, आणि सिर्काही तिथंच! जीव भांड्यात पडला.

२६ फेब्रुवारी
पत्र. सिर्काबद्दल अक्षर नाही. तीनदा विचारलं मी.

२० मार्च
तह झाला. सीमेवरचा कारेलिया प्रांत शत्रूकडे गेला. तिथली माणसं घरोघरी वाटून दिलीत. आमच्या वाट्याला पालागा आली — साठीची बाई, एक गाठोडं. बोलते किती! आमच्याकडे वर्षभरात होत नाही एवढं बोलणं ती न्याहारीलाच उरकते. चूल वाटून घ्यायची, भांडी वाटून घ्यायची. मला राग येतो, आणि राग येतो याची लाज वाटते.

८ मे
घोडे परतले. मी स्टेशनावर गेले. यादीत ४१८ नाही. "नाही म्हणजे नाही, बाई. मी काय घोडा पैदा करू?" — कारकून. रांगेच्या टोकाला एक घोडी उरली होती. खूर झिजलेला, नंबर वाचता येईना. साऱ्या फिनलंडचे घोडे एकाच तांबूस रंगाचे, त्याला तरी काय कळणार? "मग ही तुमची का?"

सिर्काच्या कपाळावर पांढरा ठिपका. हिचं कपाळ कोरं. मी हो म्हणाले, सही केली.

सासऱ्यांनी तिचे दात पाहिले. "लढाईनं हिला चार वर्षांनी तरुण केलंय," म्हणाले आणि चारा टाकायला गेले.

आर्वीला लिहिलं — सिर्का आली.

१३ मे
नांगरणी. पालागा नांगर धरते, मी लगाम. घोडी शिट्टी ऐकली की जागच्या जागी थांबते. पालागा म्हणाली, "पोरी, हिला कुणीतरी लाडानं शिकवलंय गं. माझीही घोडी गेली. असेल कुणाच्या तरी दारात. पोटभर घालत असले म्हणजे झालं."
ती मला टोमणा मारत होती की नुसतीच बोलत होती?

१९ मे
चर्चच्या दारावर चिठ्ठी. शेजारच्या गावची विधवा, सान्नी नाव. घोडी हरवलीय — तांबूस, कपाळ कोरं, शिट्टीला थांबते. 'माझ्या नवऱ्यानं शिकवली होती. तो परत आला नाही.'

चिठ्ठी फाडून खिशात घातली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

अर्ध्याहून जास्त रान अजून पडून आहे. पेरणी हुकली तर हिवाळ्यात चार माणसांनी खायचं काय? आणि सान्नीनं काय खायचं? हा प्रश्न आला की मी उठून काहीतरी घासत बसते. पातेली लख्ख झालीत.

२४ मे
नांगरलं. आर्वी सुटतोय म्हणे.

२ जून
आर्वी आला. आधी तबेल्यात गेला. खूप वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. "अर्धं रान राहिलंय," असंही म्हणाले. त्यानं घोडीला बाहेर काढलं. "चल, आत्ताच देऊन येऊ." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिर्काचा पाय मोडला होता, जानेवारीत. गोळी मीच घातली. तुला लिहायचा धीर झाला नाही. तुझं पत्र आलं, सिर्का आली म्हणून. दहादा वाचलं मी ते. वाटलं, कोण जाणे, आलीही असेल."