टेकडीखालचा नळ

१४ नोव्हेंबर १९८६

बर्फ! खरा, आभाळातून पडलेला! सांगोल्याच्या शाळेत जन्मभर कवितेतलं हिम शिकवलं — "धवल म्हणजे पांढरं, मुलांनो, लिहून घ्या" — आणि मास्तरला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की ते पायाखाली चुरमुऱ्यांसारखं वाजतं. शैलेंद्रची आई, वसुधा, आज असती तर मूठभर तोंडात टाकला असता तिनं.

इथे अमेरिकेत राहून शैलेंद्रला कौतुक नाही. "बाबा, एवढ्याशा बर्फावर कोणी स्की करत नाही. आधी खाली जाड थर, बेस, बनवावा लागतो." म्हणून टेकडीवर ओळीनं तोफा लावल्यात. थंडी पडली की पाणी हवेत उडवायचं, खाली येईतो त्याचा बर्फ. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अठ्ठावीसला, टेकडी लोकांना स्कीसाठी उघडायची. मालकानं बजावलंय — यंदा उशीर झाला तर बंदच. मग शैलेंद्रची टेकडी सांभाळायची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मिळालेलं हे घरही.

१५ नोव्हेंबर

मला कशालाच हात लावू देत नाहीत. "बाबा, घसराल." "बाबा, आत बसा, चहा करते." सून रुपाली प्रेमानंच म्हणते, पण दिवस कसा ढकलायचा? तोफांच्या पाण्याचा पंप सांभाळणारा डेल तेवढा लांबून ओरडतो, "मॉर्निंग, पॉप!" मिशीला बर्फ लागलेला असतो त्याच्या.

१६ नोव्हेंबर

आज एक काम केलं! दुपारी ऊन पडलं म्हणून तोफा थांबवल्या होत्या. फिरत फिरत टेकडीच्या पायथ्याशी गेलो, तर तोफांकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपाचा नळ सताड उघडा! पाणी भदाभदा वाहतंय, जवळ चिटपाखरू नाही. काय ही माणसं! आमच्याकडे टँकरमागे बाया घागरी घेऊन पळायच्या. दोन्ही हातांनी जोर लावून घट्ट बंद केला. बोटं अजून दुखताहेत. बरं वाटलं फार.

१७ नोव्हेंबर

पाइप फुटला. एका जागी नाही, ठिकठिकाणी. उभा चिरलाय, शेंगेसारखा.

शैलेंद्र ओरडत होता. डेल एकच म्हणत होता, "मी उघडा ठेवला होता, शैल. आय स्वेअर." "मग बंद कुणी केला? भुतानं?"

रुपालीला हळूच विचारलं, कसला नळ? ती म्हणाली, "काम थांबलं की खालचा नळ उघडून पाइप रिकामा करतात, बाबा. पाणी आत राहिलं तर रात्री गोठतं आणि लोखंड फोडतं. शाळेत नव्हतं का तुम्हाला?"

होतं. बर्फ झाला की पाणी फुगतं. परीक्षेत लिहिलंही होतं मी.

१८ नोव्हेंबर

खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही.

१९ नोव्हेंबर

डेलला काढलं.

घरी मी एकटाच होतो. किल्ल्या द्यायला आला. "शैलला द्या." मग थोडा थांबून, "नळ उघडाच होता, पॉप. मी काय नवा आहे का इथे?" मी मान हलवली. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला इंग्रजी कळलं नाही. "टेक केअर," म्हणाला. खांद्यावर थोपटलं त्यानं मला!

त्या किल्ल्या मी हातात घेतल्या. दार लावलं.

२१ नोव्हेंबर

पाऊस. होता नव्हता तो बर्फ गेला. टेकडी उघडी-बोडकी, चिखलाची. पूर्वी असं झालं की एखादी कविता म्हणत बसायचो, मन लागायचं. आज पहिली ओळ म्हटली आणि पुढचं काही आठवेना. मला इथे आणलंच कशाला? तिकडेच एखाद्या खोलीत पडून राहिलो असतो. कुणाच्या पोटावर पाय तरी आला नसता.

२३ नोव्हेंबर

नवीन पाइप जोडले. कडाक्याची थंडी. तोफा सुरू. शैलेंद्र डेलचंही काम करतो, उभ्या उभ्या पोळी खातो. डोळे खोल गेलेत. तोंड उघडतो मी, आणि म्हणतो, "थोडं लोणचं घे."

२५ नोव्हेंबर

खरा बर्फही आला. भरपूर! टेकडी वेळेवर उघडणार. रुपालीनं शिरा केला. मी वाटी बाजूला सारली. "बाबा, आता तर हसा की!"

उद्या सांगायचं. तो हाकलून देईल तर देवो.

२६ नोव्हेंबर

जेवताना सांगितलं. नळ मी बंद केला म्हणून.

शैलेंद्रनं मान वर केली नाही. "मला त्याच दिवशी कळलं होतं, बाबा. वाहता नळ बघून बंद करणारा इथे दुसरा कोण आहे? मालकाला कुणाचं तरी नाव हवं होतं. तुमचं कसं देणार?"

"आणि डेल?" मी विचारलं.

त्यानं भात कालवला. जेवत राहिला.