नगरसेविका ताई, सही कुणाची?

प्रिय संघमित्राताई,

गल्लीसाठी मंजूर झालेली बोअर काल भाऊजींनी त्यांच्या भावाच्या अंगणात खोदवली. समोरच्या मंजूकाकूंनी डोळ्यांनी पाहिलं. "मत आमी तुह्या बहिणीले देलं, पाणी काहून त्याहिच्या घरी?" त्यांनी मलाच विचारलं.

निवडून आलीस तू, पण बैठकीला भाऊजी जातात, शिक्काही त्यांच्याच खिशात. ते हसून म्हणाले, "सालीसाहेब, सही तं तुह्या ताईनंच केली!"

प्रचारात 'पहिलं पाणी गल्लीले' म्हणणारी तू अशी सही करशील? की न वाचताच केलीस?

तुझा फोन तेच उचलतात. पत्रही तेच उघडतील, म्हणून टाकत नाही.

उद्या बाया पाण्याचे रिकामे गुंड-घागरी घेऊन तुझ्या दारी येतील. भाऊजीच बोलायला बाहेर येतील. तू त्यांच्यामागून पुढे येतेस का, ते मी पाहणार आहे.

तुझीच,
अंजना