उपड्या घागरींचं घर

जळगाव, मे १९८९

तुझा तो नकाशा मी चुलीत घालणार होते, पण चूल मांडायला तुझ्या नकाशात जागाच नाही. पुढून सोडा, मागून सोडा, शेजाऱ्याकडून सोडा, नगरपालिकेचा कायदा आहे म्हणे. सोडून सोडून घर उरलं बैलगाडीएवढं. त्यात तू भिंती दुप्पट जाड केल्यास, ऊन आत येऊ नये म्हणून. ऊन नाही येत. पण तुझे दाजी आत आले की मला बाहेर जावं लागतं. (हे आधी लिहून टाकलं, नाहीतर मायना लिहिता लिहिता राग निवतो.) आता मायना. धुळ्याचे ओव्हरसियरसाहेब चि. पंडित यास अक्काचे आशीर्वाद. पुष्पाची कंबर कशी आहे? पोरांना उन्हात सोडू नको. आम्ही इकडे जिवंत आहोत, तेवढंच खुशाल समज.

हे घर कोणासाठी चाललंय ते तुला ठाऊक आहे. भाड्याच्या खोलीवर पत्रे. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई भाकरी थापता थापता परातीवर कोसळल्या. डॉक्टर म्हणाला, म्हातारीला आता पत्र्याखाली आणखी एक उन्हाळा काढायला लावू नका. तो उन्हाळा हाच. म्हणून मी तुझं सगळं ऐकलं. पंखा नको, विजेचं बिल नको, फक्त स्लॅबवर मातीच्या घागरी उपड्या मांडा, मधे चुना नि विटांचा चुरा भरा, वर कोबा करा. घागरीतली हवा ऊन अडवते म्हणालास. अडवत असेल बाबा, मी चौथीपर्यंत शिकलेली. कुंभाराकडून गाडीभर घागरी आणल्या, उखर्डू गवंड्याने ओळीने उपड्या मांडल्या, आणि आखाजी आली म्हणून तो गावाला निघून गेला.

तू एवढा शिकलास, पण आखाजीच्या तोंडावर कोऱ्या घागरी उपड्या घालायला सांगतोस? अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात हे धुळ्याला विसरले का? सकाळी सासूबाई कौतुकाने गच्चीवर चढल्या आणि तिथूनच गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "आखाजीना दिन घागर उपडी कोनी ठेवस का वं? बठ्ठा पितर उपाशी जातीन!" मी वर पोचेपर्यंत अर्ध्या घागरी सुलट्या. कोब्यासाठी साठवलेलं पाणी त्यांत भरून झालं. घरचे पितर संपले, घागरी संपेनात. मग सोनगीरचे, म्हणजे त्यांच्या माहेरचे घेतले. तेही संपले तेव्हा गल्लीला हाक मारली. शेजारची भिकुबाई नवऱ्याच्या पहिल्या बायकोसाठी एक मागायला आली (जिवंतपणी त्या बाईला हिने पाणी विचारलं असतं का, देव जाणे). दुपारपर्यंत घागरीघागरीवर डांगराची फोड, सांजोरी आणि कुंकू. कावळे तर असे जमले की मलाच खाली हुसकलं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस तपासणीला आला. बायका वर होत्याच.

"बाई, परवानगी घराची घेतली आणि बांधलं देवस्थान?"

"साहेब, ते छत आहे."

"छताला कुंकू लावतात?"

एवढ्यात भिकुबाईने त्याच्या हातावर सांजोरी ठेवली. ती त्याने खाल्ली, बोटं पुसली आणि मग नोटीस लिहिली. गच्ची रिकामी केल्याशिवाय राहायचा दाखला नाही.

रिकामी करायची कशी? सासूबाई म्हणतात, ज्याने पितरांच्या घागरी उपड्या करायला सांगितल्या त्याने येऊन त्यांच्या पाया पडावं, पाणी झाडाला घालावं, मग काय ते करा. उखर्डू परत आला, बघितलं, कानाला हात लावून खाली उतरला. आणि कोणी हात लावेल म्हणून म्हातारी छत्री घेऊन तिथेच बसून आहे. ज्या उन्हातून वाचवायला घर बांधलं, त्याच उन्हात, त्याच घराच्या डोक्यावर. मी हात जोडले, ओरडले, रडलेसुद्धा. "तू खाले जाय," म्हणाल्या.

पितरांना काय सांगायचं ते वाटेत ठरवून ये.

तुझी अक्का
प्रमिला

ता. क. पाणी भरल्यापासून खालची खोली माठासारखी गार पडलीय. दाजी तिथून हलत नाहीत. हे सासूबाईंना कळू देऊ नको, नाहीतर पितरांनीच केली म्हणतील आणि घागरी जन्मभर सुलट्या राहतील.

ता. क. आणखी एक. आखाजीला लेकी माहेरी जातात. तू न्यायला आला नाहीस, नकाशा पाठवलास. (मी रागावले नाही, मला वेळ नव्हता.) आता कोबा होऊन वाळेपर्यंत सासूबाईंना पत्र्याखाली ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. परत जाताना आम्हा दोघींना धुळ्याला घेऊन जा. पुष्पाला विचारत बसू नको, सांग. बुधवारपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे. नाहीतर गुरुवारी पहिल्या एसटीने आम्हीच निघतो, आणि म्हातारी पितरांना मागे ठेवून यायची नाही, तेव्हा तुझी गच्ची झाडून ठेव.