आधी पाणी, मग पोतं

३ तारीख, सोमवार
"हायड्रेटिंग आणि मॉइश्चरायझिंग, फरक सांग." मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, "किमतीचा." काउंटरवरच्या दोघी फिसकन हसल्या. बाई हसल्या नाहीत. शनिवारी तोंडी परीक्षा — पास झाले तर नोकरी पक्की, नाहीतर हातात नारळ.

बाबांना आयतं कोलीत मिळेल. पण ते बोलतच नाहीत. बांधकामाच्या साइटवरचं सुपरवायझरचं काम, तेही त्यांच्या शब्दावर मिळालेलं, सोडून मी क्रीम विकायला लागले, त्याला आज चोवीस दिवस. आईला सांगतात, "तिला म्हणावं, मीठ दे." मी शेजारीच बसलेली असते.

४ तारीख
पाठ केलं: एक पाणी देतं, दुसरं ते धरून ठेवतं. भांडी घासून होईपर्यंत उलटं झालं.

५ तारीख, बुधवार
फजिती. परवा एका शिक्षिकेला नुसतं हायड्रेटिंग जेल दिलं होतं. त्या परत आल्या. "दहा मिनिटं गार वाटतं, मग चेहरा पुन्हा ताणतो." मॅनेजरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की शनिवारपर्यंत थांबायचं तरी कशाला!

घरी आईपाशी रडगाणं गायले. "पाणी दिलं होतं गं मी. गेलं कुठे?"

बाबा पेपर वाचत होते. तो खाली न करताच आईला म्हणाले, "तिला विचार, प्लास्टरवर पाणी मारलं आणि ओलं पोतं टाकलं नाही, तर काय होतं?"

पाणी उडून जातं. भिंतीला तडे जातात.

जेल म्हणजे पाणी, क्रीम म्हणजे पोतं! सहा वर्षं साइटवर हेच ओरडत फिरले की मी. बाबांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, मध्ये पेपर होता.

८ तारीख, शनिवार
पास! परीक्षेत सरळ पोतं सांगितलं. मॅनेजरबाईंना हसू आवरेना. "गिऱ्हाइकासमोर पोतं म्हणू नकोस," एवढंच. नोकरी पक्की. आई नाचायचीच बाकी होती. बाबा तिला म्हणाले, "चहा टाक." मला वाईट वाटलं. खूप वाटलं.

११ तारीख, मंगळवार
दुपारी काउंटरसमोर बाबा. शर्टावर सिमेंट तसंच. दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले — भेगाच भेगा. जन्मात कधी दाखवले नव्हते. म्हणाले, थेट मलाच, "पाणी खूप मारलंय गं यांच्यावर. पोतं टाकायचं राहिलं. बघ, काही होतंय का."