धुरपदाबाईचं शेवटचं लुगडं

१ जानेवारी
नवीन वर्ष. नवीन प्रेमराज. आजपासून लुगडं बंद. एकदम बंद.

पाच वर्षं धुरपदाबाई झालो. सुनेला छळणारी, पदर खोचून अहिराणीत भांडणारी, अख्ख्या धुळे जिल्ह्यातली सगळ्यात खाष्ट सासू. चॅनलला चार लाख सबस्क्रायबर. पुरे झालं. आता हिरो व्हायचं. मिशी वाढवायची, जिम लावायची, शुद्ध मराठीत मोटिवेशनल व्हिडिओ करायचे. नवीन नावही ठरलं: ‘प्रेमराज द रिअल’.

प्रशीलला सांगितलं. कॅमेरा तोच धरतो, एडिटिंगही तोच करतो. तो म्हणे, भाऊ, आधी नाश्ता कर.
आईला सांगितलं. आई म्हणे, मंग मनं लुगडं परत दे. लुगडं तिचंच आहे.

३ जानेवारी
खरं कारण लिहून ठेवतो, ही वही कोण वाचतंय.
हिलालमामानं स्थळ आणलंय. जळगावची मुलगी, हेमांगी. एम.एस्सी., कॉलेजात शिकवते. वडील रुपचंद नाना, रिटायर्ड हेडमास्तर. फोटो पाहिला. परत पाहिला. मग आईनं मोबाईल काढून घेतला.
मामा म्हणे, नानांची एकच अट आहे, जावई पुरुषासारखा पाहिजे. मी म्हटलं, मग मी काय आहे? मामा म्हणे, तेच तर त्यांना दाखवायचंय.

४ जानेवारी
मिशी सुरू. आरशात दिसत नाही, कारण खोलीत उजेड कमी आहे.

६ जानेवारी
जिम. ट्रेनरनं ओळखलं. म्हणे, धुरपदाबाईचा डायलॉग होऊन जाऊ दे. दिला: मनं घर शे हाई! सगळी जिम वेडी झाली. बाहेरचे लोक आत आले. मग सेल्फी. डंबेलला हात लावायला वेळच उरला नाही. उद्यापासून नक्की.

९ जानेवारी
पारोळ्याच्या साडीच्या दुकानाचं उद्घाटन डिसेंबरमध्येच कबूल केलेलं. शब्द म्हणजे शब्द. लुगडं नेसलो. हे शेवटचं. मिशी काढावी लागली, पण ती अजून आलीच नव्हती, त्यामुळे नुकसान धरत नाही.
एका आजीनं हात धरून बाजूला नेलं आणि सुनेची सगळी कहाणी सांगितली. मी दोन उपाय सुचवले. आजी म्हणे, बाईचं दुःख बाईलेच कळस.

१२ जानेवारी
‘प्रेमराज द रिअल’चा पहिला व्हिडिओ टाकला. लळिंगच्या किल्ल्याखाली शूटिंग. काळा गॉगल, जॅकेट, मित्राची बुलेट. बुलेट स्टँडवरच होती. मला चालवता येते, पण तिथे चढ आहे. डायलॉग स्वतः लिहिला: स्वप्नं मोठी बघा, अडचणी आपोआप लहान होतात.

१३ जानेवारी
कॉमेंट: आजी कुठे गेली? हा पोऱ्या कोण? एक जण: भाऊ, तू धुरपदाबाईचा मुलगा का? चेहरा मिळतो.
म्हणजे उत्सुकता निर्माण झाली. व्ह्यूज कमी आहेत, पण संक्रांत तोंडावर आली, लोक तिळगुळात असतील. प्रशील म्हणे, भाऊ, संक्रांतीला तर आपले सगळ्यात जास्त चालतात. प्रशील जरा निगेटिव्ह होत चाललाय.

१४ जानेवारी
हळदीकुंकवाचा एपिसोड करावा लागला. पब्लिकची मागणी. हे शेवटचं. नऊ तारखेचं मोजायचं नाही, ते दुकानाचं होतं.

१९ जानेवारी, संध्याकाळ
जळगावला जाऊन आलो. जमलंच समजायचं!

मिशी पाच दिवसांची. मामा म्हणे, जवळून दिसते. नानांनी शिक्षण विचारलं, शेती विचारली, पुढचा प्लॅन विचारला. मी एकदम शुद्ध बोललो. कन्टेन्ट, रीच, ब्रँडिंग, सगळं समजावून सांगितलं. नाना ‘हं’ म्हणाले. चार वेळा म्हणाले, म्हणजे पटत होतं.

हेमांगीच्या आईचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय. त्या दिवाणवर उशीला टेकून बसल्या होत्या, मला पाहिल्यापासून तोंडावर हात धरून. मग हेमांगी चहा घेऊन आली. फोटोपेक्षा छान आहे. मी घोट घेतला आणि काय झालं कळलं नाही, तोंडातून निघून गेलं: पानी तापाडं का च्या करा व?
आवाजही तोच. बाईचा.
मामानं डोळे मिटले. पण हेमांगीची आई अशी हसली, अशी हसली की टाके धरून हसली. हेमांगीसुद्धा हसली. नाना पंख्याकडे बघत होते.

नंतर गॅलरीत दोघांना बोलायला दिलं. ती म्हणाली, दवाखान्यातून आल्यापासून आई कोणाशी धड बोलत नाही. संध्याकाळी धुरपदाबाई लावली की तेवढी हसते. त्याबद्दल थँक्यू म्हणाली. अगदी मनापासून. मग विचारलं, तुम्हाला स्वतःला काय आवडतं? मी म्हटलं, सबस्क्रायबर. बोलताना ती सारखी माझ्या खांद्याकडे बघत होती. जिमचा परिणाम.

निघताना नाना म्हणाले, कळवतो.

गाडीत मामा म्हणे, तू पूर्ण वेळ पदर सावरत होतास. उठताना तर कमरेला खोचलासुद्धा. मामाचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

२२ जानेवारी
फोन नाही. ‘कळवतो’ म्हणजे होकारच. नको असतं तर तोंडावर नाही म्हटले असते. आई म्हणे, आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणतं का रे बाबा, कळवतोच म्हणतात. आईचे विचार जुने आहेत.

२ फेब्रुवारी
फोन नाही. कॉलेजच्या परीक्षा असतील. नाना रिटायर्ड आहेत, पण सवय राहते.

८ फेब्रुवारी
मामाकडून शेवटी काढून घेतलं. हेमांगी म्हणते, मुलगा चांगला आहे, मनानं साधा आहे. पण मी भाकरी करताना हा मागे येऊन उभा राहिला, तर मला सासूच उभी आहे असं वाटेल. आयुष्यभर कसं निभायचं?

दिवसभर विचार केला. म्हणजे तिचा नकार मला नाहीच. तिचा नकार धुरपदाबाईला आहे. मी मध्ये येतच नाही!
उपाय एकच. धुरपदाबाईला मारायचं.

१४ फेब्रुवारी
मारली. अटॅकनं. सुनेशी भांडता भांडता. मुहूर्त मुद्दाम आजचा धरला, हेमांगीला समजेल. शेवटी फोटोला हार, समोर दिवा. दिवा आईनं लावला आणि खरंच रडली. म्हणे, कशीही होती, घरात होती. मिशी उद्यापासून. या वेळी कोणीही थांबवू शकत नाही.

१५ फेब्रुवारी
नऊ लाख व्ह्यूज! पहिल्याच दिवशी! याला म्हणतात निर्णय.

१६ फेब्रुवारी, सकाळ
दारात टेम्पो उभा. चोपड्याकडून बाया आल्यात. दारावर बसायला. आपल्याकडे माणूस गेलं की जसं जातात तसं. ओट्याला लागताच गळा काढला. मी बाहेर आलो, म्हटलं, अहो, मीच धुरपदाबाई. एकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणे, मायना धक्का बसना पोऱ्याले.

दुपार
आणखी दोन जीप. आई मध्ये बसलीय, डोक्यावर पदर घेऊन. शेवटच्या दिवसांत काय खात होती ते सांगतेय. प्रशील चहा देतोय. गल्लीतल्या निंबा आबांनी सतरंजी आणून टाकली. आबांना म्हटलं, आबा, तुम्हाला तरी माहीत आहे ना? आबा म्हणे, माहीत आहे रे, पण आलेल्या माणसाला उभं ठेवायचं का?

१७ फेब्रुवारी
पिंपळनेरहून एक आजोबा आले. दहावा कधी, विचारत होते.

१८ फेब्रुवारी
हेमांगीचा फोन आला. स्वतः केला!! मी उभा राहूनच बोललो.
ती रागात होती. म्हणे, हे काय करून ठेवलंत? आईनं तो व्हिडिओ पाहिल्यापासून नीट जेवणं सोडलंय. पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपते. मी तिला शंभरदा सांगितलं की तो माणूस जिवंत आहे, आपल्या घरी येऊन गेला. आई म्हणते, तो आहे, पण ती गेली ना. मग हेमांगी रडायला लागली. म्हणाली, प्लीज, तिला परत आणा. माझ्यासाठी आणा.

मी म्हटलं, पण मग तुम्ही म्हणाला होतात ते भाकरीचं... तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, ते तसंच आहे.

आधी ‘माझ्यासाठी’ म्हणाली. ते महत्त्वाचं. बाकीचं रागात निघालेलं.
मिशी काढली.

१९ फेब्रुवारी
धुरपदाबाई जिवंत. सरणावरून उठली आणि सुनेला म्हणाली, गवऱ्या ओल्या का आनल्यात? प्रशील हसून हसून कॅमेऱ्यासकट खाली बसला. गल्लीत फटाके वाजले. निंबा आबांनी सतरंजी परत नेली.
संध्याकाळी हेमांगीचा मेसेज: आई हसली. अर्धी भाकरी जास्त खाल्ली. खूप आभार.
एवढाच. मी आठ-दहा वेळा वाचला. ‘खूप’ लिहिलंय.

६ मार्च
आता नाना नक्की विचार करत असतील. जावई म्हणून नाही तर माणूस म्हणून. माणूस म्हणून बघितलं की जावई म्हणून बघायला कितीसा वेळ लागतो.

१७ मार्च
नानांचा फोन. शेवटी कळवलं.
हेमांगीचं जमलं. मुलगा नवल, दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनियर. लग्न २६ एप्रिलला. नाना मोकळेपणानं बोलले. पहिल्यांदाच. म्हणे, प्रेमराज, तुम्ही आमच्या घरावर उपकार केलेत. हिच्या आईची फार इच्छा आहे, लग्नाला धुरपदाबाई पाहिजे. मी ‘हो’ म्हणालो. आवाज साधा होता.

१८ मार्च
शांतपणे विचार केला. हेमांगी घाबरली. सेलिब्रिटीच्या बायकोला फार सहन करावं लागतं. नवलच्या बाबतीत ते टेन्शन नाही.
जायचं. पण प्रेमराज म्हणून. सूट, बूट, मिशी. तिला एकदा दिसलं पाहिजे की काय हातचं गेलं. लुगडं नेणार नाही. घरीच ठेवणार.

२५ एप्रिल
प्रशीलनं लुगडं गाडीत ठेवलंय. म्हणे, असू दे, वजन होत नाही. मी डिकी बंद केली.

२७ एप्रिल, सकाळ
काल लग्न झालं.

जळगावच्या उन्हात सूट घालून गेलो. सूट शिवायला दिला तेव्हा थंडी होती. मांडवाच्या दारात एकानं विचारलं, वरपक्ष का वधूपक्ष? मी नुसता गॉगल काढला. तो म्हणे, केटरिंगवाले असाल तर मागच्या दारानं या. माइकवाल्यानं आमदारापासून दूध सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. मी त्याच्यासमोरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत येत होतो.

हेमांगीला स्टेजवर पाहिलं. ती मला फार आवडली होती. लिहून टाकलं एकदाचं.

तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. अंगानं अर्ध्या झाल्यात. सारख्या दाराकडे बघत होत्या. प्रशीलला विचारलं, धुरपदाबाई नही उनी का रे? प्रशीलनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नमस्कार केला आणि पुन्हा दाराकडे बघायला लागल्या.

मी प्रशीलला म्हटलं, गाडीची चावी दे. आणि रेझर असेल तर बघ.

लुगडं नेसून आलो तर मांडव उभा राहिला. माइकवाला अक्षता विसरला. हेमांगीच्या आईनं दोन्ही हात वर केले. मी विहिणीशी भांडलो, आचाऱ्याची वांग्याची भाजी नावं ठेवत दोनदा खाल्ली, नवलचा कान धरला. हेमांगी हसत होती. अगदी त्या दिवशी चहाला हसली तशी.

मग दोघं पाया पडायला आले. नाना म्हणाले, आधी आजीला. हेमांगी वाकली. खरोखरची वाकली, कपाळ पायाला लावलं. मला माझ्या आवाजात म्हणायचं होतं, सुखी राहा. तोंड उघडलं तर धुरपदाबाईच बोलली: सुखी ऱ्हाय व माय, आनि सासूले धाकमा ठेवजो. सगळा मांडव हसून लोळला. मी पण हसत होतो. आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. लोक टाळ्या वाजवायला लागले. कोणीतरी ओरडलं, ॲक्टिंग एक नंबर.

काजळ गेलं डोळ्यात, असं मी जवळच्या सगळ्यांना सांगितलं. धुरपदाबाई काजळ लावत नाही, हे चार लाख लोकांना माहीत आहे. हेमांगीच्या आईनं स्वतःच्या पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, जेवून जा.