खुराड्यातला आरसा

१४ ऑक्टोबर

खुराडं आलं. फोटोत दिसत होतं त्याच्या निम्मं. दुकानदार म्हणाला होता, "सहा कोंबड्या आरामात राहतील." आरामात म्हणजे कशा, एकमेकींच्या मांडीवर? दिसायला मात्र गोड आहे, खोटं कशाला बोलू. लाल छप्पर, एक खिडकी, तिला पांढरी चौकट. त्या खिडकीवरच भाळले मी. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले की कापड हातात घेऊन बघा, रंगावर जाऊ नका. आणि स्वतः फोटोवर गेले.

परसात ठेवलंय. शिवणाच्या मशीनवर बसलं की समोर दिसतं. घरात कुणीतरी हालचाल करणारं हवं, एवढंच.

१५ ऑक्टोबर

रविवार. म्हणजे धाकटीचा फोन.

"ताई, कशी आहेस?" बरी. "जेवलीस?" जेवले. "माझा आरसा पाठवशील का गं? तो नसला की कसंतरीच वाटतं." बघू म्हटलं. फोन ठेवला. कोंबड्यांचं काही सांगितलं नाही. सगळं कशाला सांगायचं? तिनं तरी कुठे सांगितलं होतं!

बावन्नाव्या वर्षी लग्न. दोघी बहिणी जन्मभर एका घरात राहिलो, एका मशीनवर शिवलं, एका किटलीतला चहा प्यायलो. डोळ्यांचा नंबर काढायला म्हणून गेली आणि नवरा ठरवून आली. दवाखान्यात दर महिन्याला डोळे तपासायला यायचा तो. चार तासांवरच्या गावात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. तोंडावर मी त्याला जावई म्हणते. इथे चष्मेवालाच म्हणणार. माझी वही आहे.

१८ ऑक्टोबर

तिघी आल्या. नावं द्यायची नाहीत असं ठरवलं होतं. दुपारपर्यंत देऊन झाली. सगळ्यांना टोचत फिरते ती हेडबाई. अंगभर ठिपके ती ठिपकी. आणि कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे एका डोळ्यानं बघते ती भुरी.

२० ऑक्टोबर

दांडीवर बसतच नाहीत! अंड्यांच्या खणात घुसून झोपतात आणि सकाळपर्यंत तिथेच घाण करून ठेवतात. दोन दिवस रागावले. आज खाली बसून नीट बघितलं, तर दांडी खाली आणि खण वर. कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते म्हणे. अगदी धाकटी! लहानपणी वरची फळी तिलाच लागायची.

दांडी वर चढवली. खिळे वाकडे गेले. जाऊ देत.

२४ ऑक्टोबर

पहिलं अंडं. भुरीचं. हातात घेतलं तर गरम. दाखवायला वळले आणि स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

२ नोव्हेंबर

थंडी पडली. आज मोठं काम केलं. मापं घेतली, कापलं, शिवलं, आणि खुराड्याला आतून चारी बाजूंनी अस्तर लावलं. साधंसुधं नाही, कापूस भरून, चौकटीचौकटीत टाके घालून. छपराखालच्या फटीसुद्धा बुजवल्या. एवढ्याशा खोक्याला असा कोट राजाच्या घोड्यालाही मिळाला नसेल.

कापड धाकटीचं होतं. दर थंडीला तिच्यासाठी जाकीट शिवायचे, छाती नाजूक ना तिची. यंदाचं निळं कापड उन्हाळ्यातच आणून ठेवलं होतं. तेव्हा कुठे माहीत होतं, ही जाणार म्हणून! कपाट उघडलं की नजरेला पडायचं. आता नाही पडणार.

५ नोव्हेंबर

फोन. "तिकडे थंडी आहे का गं?" आहे. "आरसा?" वेळ नाही मिळाला. मागे चष्मेवाल्याचा आवाज, "ताईंना म्हणावं, या ना इकडे." त्यानं कशाला मध्ये बोलावं?

१३ नोव्हेंबर

ठिपकी घरघरतेय. चोच उघडी ठेवून श्वास घेते. आल्याचा काढा द्यावा का, असं मनात आलं. कोंबडीला काढा! डोकं ठिकाणावर नाही माझं.

१४ नोव्हेंबर

जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. तरुण आहे, बोलायला फटकळ. खुराड्याचं दार उघडून तिनं डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी.

"मावशी, हे काय केलंय?"

"अस्तर लावलंय. थंडी आहे ना."

"यांचा कोट यांच्या अंगावरच असतो. थंडीनं नाही मरत त्या, कोंडलेल्या हवेनं मरतात. यांच्या घाणीची वाफ बघा किती झोंबतेय. तुम्ही बसा आत पाच मिनिटं."

हात लावून बघितलं तर अस्तर ओलं गच्च. त्यांच्याच श्वासानं. माझा टाका मात्र एकही उसवला नव्हता.

सगळं फाडून काढलं. शिवताना लागला नव्हता इतका वेळ फाडायला लागला.

१६ नोव्हेंबर

ठिपकी गेली.

१७ नोव्हेंबर

करवत घेऊन छपराखाली लांब खिडक्या कापल्या. दुकानातून जाळी आणून ठोकली. आता हवा वरून जाते, अंगावर येत नाही. कापायच्या आधी कधी नव्हे ते तीनदा मापलं.

२३ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. जाळी फाडून कुठलं तरी जनावर आत शिरलं. हेडबाईला नेलं. पिसं कुंपणापर्यंत पसरली होती. भुरी दांडीच्या टोकाला भिंतीला चिकटून बसलेली. माझ्याकडे बघेना.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "ती पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवत नाही. जाड तारेची, लहान चौकोनांची लावा." हे आधी कुणी सांगेल तर शपथ!

लावली. जमिनीत हातभर पुरून लावली.

२५ नोव्हेंबर

भुरी ओरडते. सकाळी उजाडलं की सुरू. थांबते, ऐकते, परत ओरडते. कुणी उत्तर देत नाही. मी मशीन थांबवून परसात गेले की गप्प. आत आले की परत.

शेजारची नर्स कुंपणाशी आली. रात्रपाळी करून दिवसा झोपते बिचारी. "काकू, काहीतरी करा हो. कान किटले माझे." चेहरा उतरलेला. भांडायला आली असती तर मीही भांडले असते. तशी आली नव्हती.

२७ नोव्हेंबर

काल फोन वाजला. उचलला नाही.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरिणीकडे गेले. ती म्हणाली, "कोंबडी एकटी ठेवायची नसते. अंडी थांबतात, खाणं थांबतं, मग सगळंच थांबतं."

"राहते की एकटी! मी नाही राहत?"

ती हळू आवाजात म्हणाली, "थोड्या दिवसांनी दोन तलंगा, नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, मिळतील माझ्याकडून. तोवर खुराड्यात एक आरसा ठेवून बघा. काही जणी फसतात."

२९ नोव्हेंबर

धाकटीचा आरसा खुराड्यात ठेवला. अंडाकृती, लाकडी चौकटीचा, रोज सकाळी तिचा भांग बघितलेला. जरा सूडही होता त्यात, कबूल करते. एवढा प्रिय होता तर जाताना घेऊन जायचा होता.

भुरीनं आधी टोच मारली. मग मान वाकडी करून बघितलं. मग शेजारी बसली. ओरडणं बंद! नर्सनं दुपारी कुंपणावरून हात जोडले.

३ डिसेंबर

फोन. आज उचलला.

"मागच्या रविवारी उचलला नाहीस. माझा जीव खालीवर झाला."

"कामात होते."

"आरसा पाठवतेस का?"

"वापरात आहे."

"कुणाच्या?"

मग सांगावंच लागलं. भुरी, खुराडं, अस्तर, सगळं. निळं कापड कुठे गेलं तेही. ती आधी हसली. कोंबडीला जाकीट! हसता हसता खोकला आला तिला. मी नेहमीसारखं म्हणणार होते, छातीला शेक. म्हटलं नाही. तिथे शेकणारं आहे कुणीतरी.

मग म्हणाली, "आरशानं करमतं का गं तिला?"

"गप्प बसते."

"गप्प बसणं वेगळं, ताई."

७ डिसेंबर

सकाळी दाणे घेऊन गेले. भुरी काचेला अंग टेकून बसली होती. पूर्ण भार टाकून, जशी दांडीवर हेडबाईला टेकायची. काच गार पडलेली. ती सरकायची, परत टेकायची. ऊब कुठून येणार?

तिथेच पायरीवर बसले आणि रडले. धाकटी गेली त्या दिवशी नव्हते रडले. तेव्हा तिच्या पिशवीची शिवण तपासत होते, उसवली तर वाटेत पंचाईत नको म्हणून. फार एकटं वाटतं मला. लिहूनच टाकते. दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

८ डिसेंबर

डॉक्टरिणीला फोन केला. म्हटलं, तलंगा लवकर दे. आणि खुराडं मोठं करायचंय, कसं ते सांग.

मी काय केलं होतं? कोंबडी उभी असताना मापून खुराडं पुरेल असं धरलं होतं. ब्लाउजलासुद्धा हात वर करायला सैल ठेवते मी, आणि पंखांना नाही ठेवलं! शेजारी जाळीचं अंगण जोडलं, उंच, मी वाकून आत जाऊ शकेन इतकं. लाल छप्पर बघून आता हसू येतं. टोपी लहान आणि अंग मोठं.

११ डिसेंबर

दोघी आल्या. काळ्या, लांब पायांच्या, भित्र्या. लगेच एकत्र सोडायच्या नाहीत, रक्त काढतात. मध्ये जाळी. बघायचं, ऐकायचं, शेजारी शेजारी खायचं, पण अंगाला लागायचं नाही.

भुरी पिसं फुलवून जाळीवर धावून गेली. दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसली. ओळखीचं वाटलं.

१५ डिसेंबर

जाळीला लागून तिघी. अलीकडे भुरी, पलीकडे त्या. आरशाकडे कुणी बघत नाही.

१८ डिसेंबर

जाळी काढली. थोडी टोचाटोची, थोडा आरडाओरडा. संध्याकाळी दार लावायला गेले तर दांडीवर तिघी, भुरी मधे. दोन्हीकडून टेकलेली. डोळे मिटलेले.

आरसा बाहेर काढला. घाण धुतली, चौकट पुसली, तेल लावलं. भिंतीवर टांगायला खिळ्यापाशी गेले. टांगला नाही.

२० डिसेंबर

पार्सल करणार होते. काच आहे, फुटेल. आपणच न्यावा.

नर्सला विचारलं, दोन दिवस दाणापाणी बघशील का? "अंडी माझी," म्हणाली. म्हटलं, तुझीच.

जाकीट शिवायला घेतलं. हिरवं कापड. काखेत सैल.

२३ डिसेंबर

धाकटीकडे. गाडीतून सगळी वाट आरसा मांडीवर धरून आले. दुकानात पाऊल टाकलं आणि उभीच राहिले. चष्म्यांचं दुकान! भिंतीवर आरसे, टेबलावर आरसे, खांबाला आरसे. वर त्यांच्या खोलीत एक माणसाच्या उंचीचा. सगळ्यांत मीच, हातात आरसा घेऊन.

"मग हा कशाला हवा होता तुला?"

ती म्हणाली, "तू तो पाठवून दिला असतास, तर मी दुसरं काहीतरी मागितलं असतं."

जावयांनी चहा आणला. तीन कप.